एसटी निघेपर्यंतचं ऊन

विंझरमध्ये ठकुमावशीच्या हातांबद्दल कुणालाही विचारलं, की तो आधी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचा. गावातली पंचविशीच्या आतली बहुतेक डोकी पहिल्यांदा तिच्याच हातात आली होती. मी भोरचा, त्यामुळे माझं डोकं तिच्या हाती लागलं नाही. म्हणूनच ते मागून चपटं राहिलं, असं ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

मी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गोष्ट अडुसष्ट-एकोणसत्तर सालची. त्याच्या दोन वर्षं आधी मावशीच्या उजव्या हातावर मसुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग उठला. मग डाव्यावरही उठला. बघता बघता दोन्ही हात बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत पांढरे झाले. कोड. दुखणं नाही, खुपणं नाही. "पानाला चुना लावताना सांडला," असं सांगून ती हसायची आणि लोकही हसायचे. पण हसणाऱ्यांच्या घरून बाळंतपणाची बोलावणी येईनाशी झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची आत्या येऊन राहिली.

एसटी थांब्यावर सगुणाबाईचं चहाचं हॉटेल होतं. तिचा मुलगा गेनबा पायाळू. मावशीनं अर्धा दिवस झुंजून त्याला जगात आणला होता. आता गेनबाच्या बायकोला, लीलाला, दिवस गेले होते. वैशाखात बाळंतपण होतं. पौषातल्या एका सकाळी सगुणाबाई मावशीला म्हणाली, "आक्का, लीलीसाठी नसरापूरच्या बाईला सांगून ठेवलंय. तुजं वय झालं आता. दगदग सोसायची न्हाई."

त्या वेळी वय झालेल्या मावशीच्या डोक्यावर जळणाची अशी मोळी होती, की मला ती जमिनीवरून उचलता आली नसती.

मोळी घरी टाकून ती दवाखान्यात आली आणि बाकावर बसली. दोन्ही हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "आनंदराव, मला दुखत कुठंच न्हाई. पन वैशाखाच्या आत ह्ये हात बरं करा. गेनबाचं प्वार दुसऱ्या कुनी झेललं तर मला त्ये सोसायचं न्हाई."

आमचे शेटे डॉक्टर नवीन होते, तरुण होते, आणि पुण्याहून डोक्यात एक कल्पना घेऊन आले होते. बावचीच्या बियांचं तेल डागावर लावायचं आणि वर ऊन घ्यायचं. नुसतं तेल काही करत नाही, ऊन पडलं की ते कामाला लागतं, असं त्यांनी समजावलं. पण डॉक्टरांना नुसते हात बरे करायचे नव्हते, बरे झाले ते कशानं हे सिद्धही करायचं होतं. म्हणून डब्या दोन. लाल दोऱ्याची डाव्या हाताला, काळ्या दोऱ्याची उजव्याला. एकीत बावचीचं तेल, दुसरीत साधं गोडेतेल. वासावरून कळू नये म्हणून दोन्हींत कापूर.

"म्हंजी एक हात फुकट उनात बसनार? त्येनं काय पाप केलंय?" मावशी म्हणाली.

"चार महिने फक्त. मग त्यालाही औषध देतो," डॉक्टर म्हणाले. "पण डब्यांची अदलाबदल करायची नाही. शब्द द्या."

तिनं शब्द दिला. डब्या मीच भरल्या होत्या, त्यामुळे औषध कुठल्या डबीत हे ती रोज माझ्याकडून काढून घेऊ बघायची. मी ओठ शिवल्यासारखा बसायचो. "आता डोकं नुसतं चपटं न्हाई, बंद बी झालं," असं म्हणून ती बाहेर जायची.

ऊन घ्यायचं होतं दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मावशीकडे घड्याळ कुठलं? इथं माझी अक्कल पुढे धावली. वेल्ह्याहून नसरापूरला जाणारी एसटी दहाच्या सुमारास यायची. ड्रायव्हर-कंडक्टर सगुणाबाईकडे चहा प्यायचे आणि गाडी निघायची. मी तीन दिवस घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटं! डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं: 'ऊन – एसटी येऊन जाईपर्यंत.'

त्या दिवसापासून गाडी आली की मावशी दवाखान्याच्या ओट्यावर हात गुडघ्यांवर पसरून पंगतीत बसल्यासारखी बसायची. गाडी हलली की हात पदराखाली. समोरच हॉटेल. चहा ओतताना सगुणाबाईला मान वर केली की ते हात दिसायचे, म्हणून ती मान खाली घालूनच चहा ओतायला शिकली. भिमा ड्रायव्हर मात्र ओरडून विचारायचा, "मावशी, डावा पुढं हाय का उजवा?" खिडक्यांतून माना बाहेर यायच्या.

पुढे फाल्गुनात कोंबडीचा दिवस उजाडला. सगुणाबाईनं एका उतारूला कोंबडी विकली होती. कोंबडीनं पायाची दोरी तोडली, बाकांखालून तीन फेऱ्या मारल्या आणि खिडकीतून घाणेरीच्या झुडपात उडी घेतली. उतारू कोंबडीशिवाय जाईना आणि फुटबोर्डवरून उतरेना. मग कंडक्टर धावला, सगुणाबाई धावली, अर्धी गाडी धावली. मीही धावलो. घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तासाभरानं कोंबडी सापडली, गाडी निघाली आणि मावशीनं हात झाकले. सांगितल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी डावा हात सुजून लाल झाला होता, त्यावर बोराएवढे फोड. उजव्याला काही नाही. औषध कुठल्या डबीत हे न्याहारीच्या आत गावाला कळलं. डॉक्टर माझ्यावर असे तडकले, की बाहेरचे पेशंट आजार विसरून ऐकत उभे राहिले. शेवटी मावशीच मध्ये पडली. "डाक्टर, त्येला बोलू नका. कोंबडी त्येची न्हवती."

जिची होती ती दारात उभी होती. सगुणाबाईला राहवलं नव्हतं. ती ओलं, स्वच्छ फडकं घेऊन आली, मावशीचा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू गुंडाळला. "लई आग हुतीया का गं आक्का?" असंही विचारलं. गाठ मारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय धरलंय ते. ती उठली, घरी गेली आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासले. मी खिडकीतून पाहिलं. मला राग आला. मावशीनंही पाहिलं.

त्यानंतर रोज सकाळी चूल पेटवण्याआधी सगुणाबाई दारात उजेडात यायची आणि स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघायची. विंझरात आता दोन परीक्षा चालल्या होत्या. एक डॉक्टरांची, दुसरी सगुणाबाईची. दुसरीची नोंद कुठल्या वहीत नव्हती.

फोड बसल्यावर ऊन पुन्हा सुरू झालं. या वेळी मी घड्याळ घेऊन शेजारी बसायचो. हळूहळू डाव्या हाताच्या पांढऱ्यात मोहरी सांडल्यासारखे तपकिरी ठिपके उगवले, मोठे झाले, एकमेकांना मिळाले. डॉक्टर दर पंधरवड्याला डागांची कड बटरपेपरवर काढून घ्यायचे. वैशाखापर्यंत डावा निम्म्याहून जास्त भरला. उजवा होता तसाच होता. डॉक्टर आनंदानं अक्षरशः उडाले आणि वही, बटरपेपर घेऊन पुण्याला गेले. उजव्यासाठी औषध तिकडूनच पाठवतो म्हणाले.

मावशी उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "प्वार आलं दारात, आन हात एकच झाला."

"लाल डबी तुझ्याच घरी होती," मी म्हणालो. "फोड आले त्याच दिवशी तुला कळलं होतं. उजव्याला लावलं असतंस तर कुणाला समजलं असतं?"

"शब्द दिला व्हता न्हवं? आन त्यो डाक्टर त्या कागदावर रेघा काढताना किती हरखायचा. त्येला कसं फसवू?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

चार दिवसांनी एसटी आली, पण चहा आला नाही. हॉटेलची चूल थंड होती. सगुणाबाई बाहेर आली तेव्हा भिमानं विचारलं, "सूनबाईला कळा लागल्यात म्हनं. नसरापूरच्या बाईला निरोप द्यायचा का? हा निघालोच."

"नगं," सगुणाबाई म्हणाली, आणि रस्ता ओलांडून ओट्यापाशी आली.

मावशी सवयीनं तिथंच बसली होती. ती उभी राहिली. डावा हात पुढे केला, उजवा पदराखाली दडवला. "ह्यो बराच भरलाय बग," ती घाईघाईनं म्हणाली. "ह्या एकानंच उरकते. दुसरा लावत न्हाई तुज्या लीलीला."

सगुणाबाईनं पदराखाली हात घातला आणि तो पांढरा हात मनगटाला धरून बाहेर ओढला. "एका हातानं कदी प्वार झेललंयस का? अडीच म्हयनं झालं तुजा हात धरून. रोज सकाळी बघती. मला कायबी झालं न्हाई. येडी व्हते मी आक्का. चल बिगी बिगी."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. डोळ्यात औषध उडालं, असं मी भिमाला सांगितलं होतं, ते खोटं होतं.

दुपारी मुलगी झाली. डोकं गोल, मागून अजिबात चपटं नाही.

पावसाळा संपता संपता पुण्याहून डॉक्टरांचं पार्सल आलं. लाल दोऱ्याची नवी डबी आणि चिठ्ठी: उजव्या हाताला ताबडतोब सुरुवात करावी व प्रगती कळवावी. मी दोनदा डबी मावशीच्या पुढ्यात ठेवली. दोन्ही वेळा कुणीतरी दारात तिला न्यायला उभं होतं आणि ती तशीच उठून गेली. शेवटी मी डॉक्टरांना खरं तेच कळवलं: हात अजून पांढराच आहे, आणि मावशीला एसटी येऊन जाईपर्यंत बसायला सवड नाही.