डॉक्टर भावलीची मांडवपरतणी

नातीची डॉक्टर बाहुली मी तिला न विचारता लग्नात देऊन टाकली. या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हा मी साठीला टेकलेली होते, म्हणजे अक्कल येण्याचं वय उलटूनही बराच काळ गेला होता. त्यामुळं वयाची सबब सांगायची सोय नाही. ती तेव्हाची बाई आज भेटली, तर तिचा कान धरून तिला उन्हात उभी करीन.

आमचं गाव बोरीच्या पुढं. लेक परभणीत दिलेली. उन्हाळा लागला की नात माझ्याकडं यायची, शाळा उघडेपर्यंत राहायची. त्या वर्षी ती सात वर्षांची होती आणि काखेत बाहुली घेऊन एसटीतून उतरली. लेकीनं तिच्या वाढदिवसाला मुद्दाम शोधून आणलेली. अंगात पांढरा कोट, गळ्यात तपासायची नळी, पायात सपाट चपला. केस आखूड आणि कुरळे. रंग सावळा, अगदी नातीसारखाच.

"ही भावली हाय का भावला?" मी विचारलं.

"आजी, ती डॉक्टर आहे."

"ते दिसायलंय. पर जरा उजळ न्हाई का मिळाली?"

नातीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी गुमान चहा टाकायला आत गेले.

आमच्या लहानपणी भावली म्हणजे चिंध्यांची. डोळे काजळाचे, ओठ कुंकवाचे, नाक नसायचंच. तिला जन्मभर एकच नोकरी होती, लग्न. सकाळी शिवून व्हायची, दुपारी हळद लागायची, दिवस मावळायच्या आत सासरी. ती दिवसभर काय करते, असं कुणी विचारलं नाही. मी एकाच भावलीला तीनदा उजवली होती आणि तिन्ही लग्नांत हटून नवऱ्याकडची झाले होते, कारण मानपान तिकडं असायचा. इतकी हुशार मी लहानपणापासूनच होते.

नातीची बाहुली मात्र इथं आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेळ्यांची डॉक्टर झाली. आमच्या तिन्ही शेळ्या रोज सकाळी तपासल्याशिवाय चरायला सुटायच्या नाहीत. गाभण शेळीच्या पोटाला ती इवलीशी नळी लावून नातीनं सांगितलं, "दोन आहेत." पुढं दोनच झाली, आता बोला.

त्या साली मिरग कोरडाच चालला होता. पाऊस लांबला की आमच्याकडं बाया भावला-भावलीचं लगीन लावतात. अगदी खरं लगीन, हळदीपासून जेवणापर्यंत. बाया देवळापाशी जमल्या. जुनी भावली उंदरांनी कुरतडलेली निघाली. नवरी कुणाची, असा सवाल आला आणि माझं तोंड कुणी विचारायच्या आत उघडलं.

"आमची घ्या की. डॉक्टर हाय."

हे म्हणताना माझी मान अशी ताठ झाली, की जणू मीच तिला रात्रंदिवस बसून शिकवलं होतं. नवरदेव माझ्या मैत्रिणीचा. ही देवळामागं राहते. आम्ही दोघी एकाच साली या गावात नांदायला आलो आणि तेव्हापासून एकमेकींवर कुरघोडी करत म्हातारपणापर्यंत पोचलो. तिचा नवरदेव कापडी, डोक्याला फेटा, हात अंगाला शिवलेले.

"पोरगं काय करतं?" मी मुद्दाम विचारलं.

"हुबं ऱ्हातं की. पोराला आणखी काय लागतं?"

"आमची पोरगी शिकलेली हाय म्हणलं."

"असू द्या, आमाला चालतंय. सैपाक येतो ना?"

बाया पोट धरून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

घरी येऊन नवरीला साडी करायला मी लेकीची ट्रंक उघडली. वर प्लास्टिकच्या पिशवीत तिची बारावीची मार्कलिस्ट, टायपिंगचं सर्टिफिकेट आणि नर्सिंगचा भरलेला फॉर्म. तो फॉर्म पाठवायच्या आठवड्यातच आम्ही तिचं लग्न ठरवलं होतं. पिशवी बाजूला सारून मी खालचा हिरवा खण काढला. बाहुलीचा कोट उतरवला, नळी काढली आणि साडी नेसवली. हळद लावली, ती तोंडाला जरा जास्तच चोळली. वरून पावडर. सावळेपणा काही हटेना. नात शेजारी बसून मला टाचण्या देत होती. तिला वाटत होतं, आजी खेळायलीय.

लग्न झोकात झालं. टॉवेलाचा अंतरपाट, ज्वारीच्या अक्षता, मोबाईलवर बँड. नात वरातीत नाच नाच नाचली. पाठवणीच्या वेळी बाया खोटं खोटं रडल्या. मी तर नवरीला उराशी धरून असा हंबरडा फोडला, की चार लहान पोरं भिऊन खरंच रडायला लागली. सगळ्यांनी माझ्या रडण्याची तारीफ केली.

दिवे लागायच्या वेळी नात म्हणाली, "चल, आता तिला घेऊन येऊ."

"कुणाला?"

"डॉक्टरला."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी म्हणाले, ती आता सासरी गेली. नात म्हणाली, बरं, पण यायची कधी? मी नुसती कणीक मळत राहिले. ती रडली असती तर समजूत तरी काढली असती. ती दाराच्या उंबऱ्यावर कोट मांडीवर घेऊन बसली.

लेकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, तिला विचारलं होतंस?"

"अगं, खेळ होता."

"मग परत आण," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

सकाळी मी देवळामागं गेले. बाहुली तिच्या घरात भिंतीतल्या देवळीत नवऱ्याशेजारी बसवलेली, डोक्यावरून पदर, गळ्यात काळा दोरा.

"काय ईनबाई, करमंना का लेकीबिगर?" मैत्रीण म्हणाली.

"चेष्टा ऱ्हाऊ दे. पोरगी जेवंना झालीय. भावली दे माघारी."

"दिलेली लेक माघारी? अन् पाऊस? उद्या न्हाई आला तर सगळं गाव मला खाईल का तुला?"

"अगं, तुला तरी वाटतं का भावलीनं पाऊस येतो?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय? बायाला वाटतंय."

मी तिच्या सुनांना मधे घातलं, हातापाया पडायचं नाटक केलं, मग नाटक सोडून खरंच हात जोडले. तिचाही जीव तुटत होता, हे दिसत होतं. पण कालच्या बाया दारातून वाकून बघत होत्या आणि तिच्या हातातही काही उरलं नव्हतं. मग मला एक हिकमत सुचली.

"बरं, मांडवपरतणीला तरी पाठव. नवी नवरी लग्नानंतर एकदा माहेरी येऊन जातेच ना?"

"जाते की. पर नवरा संगं येतो अन् संगंच घेऊन जातो."

आणि तसंच झालं. दुपारी मैत्रीण दोघांना ताटात बसवून आली आणि राखणीला स्वतः ओट्यावर बसली. मी चहा दिला, भजी तळली, शक्य तेवढा वेळ काढला. नातीनं बाहुलीला मांडीवर घेतलं आणि साडीवरूनच तिला कोट चढवायला लागली.

"नव्या नवरीला असलं घालतेत का, बाळा?" मैत्रीण मायेनंच म्हणाली. तिनं एक बाही काढली. दुसरी मी काढली. का काढली, ते आजही मला सांगता येत नाही. दारात दोन बाया उभ्या होत्या, एवढंच कारण. नवरदेवानं तेवढ्या वेळात काय केलं? हुबा राहिला. तासाभरानं ताट उचललं गेलं. मी, जी गावात कुणाला तोंड वर करू देत नाही, ती रिकामी कपबशी धरून बघत बसले.

जिंतूरच्या बाजारातून मी नवी बाहुली आणली. गोरीपान, सोनेरी केसांची, टाचा उचललेली.

"ही काय करते?" नातीनं विचारलं.

"काय म्हंजी? भावली हाय ती."

नातीनं ती कपाटावर ठेवली. आता परभणीच्या दुकानात जाते तर पोलीस भावली, विमान चालवणारी भावली, चाकाच्या खुर्चीवरची भावली, पोटाशी बाळ बांधलेला भावलासुद्धा. दुकानदार मला नातवंडांचं वय विचारतो. मी त्या सावळ्या, कुरळ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंना शोधत असते. तशी परत दिसली नाही.

पाऊस आठ दिवसांनी आला, आमच्या शिवारावर कमी, पलीकडच्या गावावर जास्त. तिकडच्या भावलीला सैपाक येत असावा.

पण तोवर नात गेली होती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी लेक तिला न्यायला आली. मला वाटलं, लेक भांडेल. तिनं ट्रंक उघडी बघितली, आपली पिशवी पुन्हा खणांच्या वर नीट ठेवली आणि झाकण लावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कुणाची आणि कशाकशाची, तेच जुळेना. एसटी आली. लेक पिशव्या घेऊन चढली. नातीनं फ्रॉकच्या खिशातून कोट काढला, त्याच्या घडीत ती नळी ठेवलेली होती, आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजी, हे आईच्या ट्रंकेत ठेव. तिथं घालू देत नाहीत ना, मग ती माहेरी आली की घालेल."