कुमैताचा डावा डोळा

त्या कुमैत घोड्याला गोळी घालण्याचा हुकूम दुसऱ्या कुणी दिला. पण तो निघाला माझ्या दोन वाक्यांमुळे. ती वाक्ये मी रागाने बोललो नव्हतो, कुणाच्या धाकानेही नाही. शाबासकी मिळत होती, ती आणखी थोडी मिळावी एवढ्याचसाठी बोललो. आता पन्नाशी जवळ आली तरी ती वाक्ये मला शब्दन् शब्द आठवतात.

संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. मी कोल्हापुरात कचेरीत कारकून होतो. फिरतीच्या जागेवर बढती मिळण्याची शक्यता होती, पण त्यासाठी घोड्यावर बसता येते असा दाखला लागे. शिरोळकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात मोटार जात नसे, आणि गावोगाव फिरणे तर भाग होते. मी शिवाजी पेठेत वाढलेला. तालमीतसुद्धा बाहेरून डोकावण्यापलीकडे कधी गेलो नाही. जनावराशी माझा संबंध गवळ्याच्या म्हशीपुरता.

गावाबाहेरच्या माळावर एक निवृत्त रिसालदार शिकवणी घेत. पागा मोडल्या तेव्हा उरलेले सहा-सात घोडे तिथे ठेवले होते. घोडे सरकारी, शिकवणी रिसालदारांची. आम्ही पाच-सहा उमेदवार पहाटे तिथे जमत असू. मला एक म्हातारी पांढरी घोडी दिली होती. ती पुढच्या घोड्याच्या शेपटीला नाक लावून चाले, आणि मी खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटल्यासारखा बसून राही.

"अहो रावसाहेब," रिसालदार माळभर ऐकू जाईल असे ओरडत, "घोडा हाय त्यो, खुर्ची न्हवं! सही करायला बसलाय व्हय?"

बाकीचे हसत. दोनदा मी पडलो. दुसऱ्यांदा खांदा सुजला, तेव्हा आंबेहळद लावता लावता बायको म्हणाली, "बैलगाडीतनं हिंडा की गावं. बैल काय कमी पडलेत?" मनातून मी शिकवणी सोडून द्यायचे ठरवलेच होते.

त्याच आठवड्यात पांढरी घोडी लंगडायला लागली. सकाळी गेलो तर रिसालदार म्हणाले, "आज कुमैतावर बसा."

कुमैत म्हणजे तांबूस काळ्या अंगाचा, उंच, कान सतत हलवणारा घोडा. आमच्यातल्या दोघांना त्याने पाडले होते. कुणी डावीकडून जवळ आले की तो एकदम अंग चोरून उसळे, आणि रिकिबीत पाय घालायचा तो डावीकडूनच. सबब शोधत मी तसाच उभा राहिलो.

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार लगाम धरून उभा होता. साठीचा, बुटका, पागेत जन्म गेलेला माणूस. आम्ही सगळे त्याला मामा म्हणत असू. रिसालदार दुसऱ्या टोकाला गेल्यावर तो माझ्या अगदी जवळ आला.

"सायब, एक सांगतो, कुनाला बोलायचं न्हाय. डाव्या डोळ्यानं त्येला दिसत न्हाय."

मी पाहिले. डोळा स्वच्छ होता, काचेसारखा.

"वरनं कळत न्हाय. डाक्टर हात हलवून बगतो तवा मी हिकडं पापणीचा क्यास वढतो, डोळा मिटतोय, त्येला वाटतं दिसतंय. दोन साल निभावलं. पर आनी एकजण पडला की चौकशी हुईल. कळलं तर रद्द करतील. रद्द म्हंजी गोळी." त्याने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "म्हणून तुमास्नी सांगतोय. जवळ जायच्या आदी बोला. मानेवर हात ठेवा. मग चढा. डाव्या अंगाला काय आलं तर त्येला आदीच सांगा. त्यो भितो हो, वाईट न्हाय."

मग मी घोड्याला "अरे, मी आहे, मी आहे" असे दोनदा म्हणालो आणि मानेवर हात ठेवला. कातडी थरथरली, मग थांबली. मी चढलो.

त्या सकाळी काय झाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. डावीकडे बाभळ आली की मी "बाभळ आहे" म्हणायचो. धुण्याची चादर वाऱ्यावर फडफडली तेव्हा तो बुजण्याआधीच मी त्याच्या मानेवर हात दाबला. माझे सगळे लक्ष त्याला कशाची भीती वाटेल याकडे होते. आपल्याला भीती वाटत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. दुडकी चाल झाली, मग जमिनीपासून गुडघाभर उंच ठेवलेला वासा आला. मी म्हणालो, "आता उडी," आणि आम्ही पलीकडे होतो.

रिसालदार काठी बगलेत धरून बघत राहिले. "हां! इतकं दिवस घोडा तुमास्नी न्हेत हुता. आज तुमी घोड्याला न्हेलं."

घरी जाताना माझी मान ताठ होती. तिशी गाठेपर्यंत मी कुठल्याच गोष्टीत कुणाच्या पुढे नव्हतो. त्या दिवशी पेठेतून चालताना मला वाटले, हे सगळे माझ्याकडेच बघताहेत. पुढे महिनाभर मी रोज कुमैतच मागून घेतला. मामा खूश होता. "तुमी त्येचा डावा डोळा झाला," असे तो एकदा म्हणाला.

परीक्षेला बाहेरून एक मोठे साहेब आले, बरोबर जनावरांचे डॉक्टर. मी कुमैतावर बसलो आणि सगळे बिनचूक झाले. माळाच्या कडेला टेबल मांडून चहा ठेवला होता. साहेबांनी मला बोलावले. रिसालदारांनी सांगितले, की या घोड्याने आधी दोघांना पाडले आहे. साहेब म्हणाले, "मग तुम्ही तर उत्तम बसता."

एवढ्यावर थांबायचे होते. "आभारी आहे" म्हणून कप खाली ठेवायचा होता. मी म्हणालो, "साहेब, हा घोडा डाव्या डोळ्याने आंधळा आहे, तरी मी बसलो."

डॉक्टरांनी विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

मामा दहा पावलांवर कुमैताला धरून उभा होता. त्याला ऐकू जात होते. मी म्हणालो, "मोतद्दारानं सांगितलं."

ही माझी दोन वाक्ये.

डॉक्टर उठले. त्यांनी आगकाडी पेटवून त्या डोळ्याजवळ नेली. मामाचा हात पापणीकडे गेला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी कपाकडे. "तुला ठाऊक होतं?" असे साहेबांनी विचारल्यावर तो म्हणाला, "व्हय. मीच लपीवलं." आपण हे मला का सांगितले, ते त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर तोंड दाखवायला मला जागा राहिली नसती. तेवढे त्याने माझ्यासाठी केले.

तिसऱ्या दिवशी माळामागच्या खड्ड्याजवळ कुमैताला गोळी घातली. मामाला त्याच आठवड्यात कमी केले. मला दाखला मिळाला. कचेरीत मी पेढे वाटले, आणि पेढा हातात असतानाच एका सोबत्याने गोळीची बातमी दिली. मी म्हणालो, "आंधळा घोडा शिकणाऱ्यांना धोक्याचाच होता." हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरेही आहे. पण त्या दिवशी टेबलाशी मला कुणाच्या धोक्याची आठवण झाली नव्हती. मामाच्या घरी जायचे मी अनेकदा ठरवले. तो पंचगंगेच्या पलीकडे कुठेतरी राहतो एवढे माहीत होते. मी गेलो नाही.

बढती मिळाली, शिरोळ भागात नेमणूक झाली. गावोगाव मी घोड्यावरून फिरलो. चांगला बसतो असे लोक म्हणत. प्रत्येक वेळी चढताना माझा हात आधी मानेवर जाई आणि तोंडातून "मी आहे" निघे. पुढे रस्ते झाले, जीप आली, घोडा सुटला. सवय राहिली.

त्या परीक्षेनंतर सहा-सात वर्षांनी एका पौर्णिमेला नृसिंहवाडीला निघालो होतो. आगगाडीतून उतरलो तर स्टेशनबाहेर टांग्यांची रांग होती. पहिल्याच टांग्याशी गेलो, आणि विचार न करता घोड्याच्या डाव्या बाजूला उभा राहून मानेवर हात ठेवला आणि पुटपुटलो. टांगेवाला पलीकडच्या बाजूला वाकून चारा आवरत होता.

तो न बघताच म्हणाला, "पावणं, ह्येला दोनी डोळ्यांनी दिसतंय."

मग तो उभा राहिला. मामाच होता, केस पूर्ण पांढरे झाले होते. त्याने मला चेहरा बघून ओळखले की आवाजावरून आधीच ओळखले होते, हे मला कधी कळले नाही. "बसा," तो म्हणाला. आणखी दोन बायका टांग्यात बसल्या. वाडीपर्यंत तो घोड्याशी बोलत राहिला, माझ्याशी एक शब्द नाही. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

वाडीला बायका उतरून देवळाकडे गेल्या. मी उतरून घोड्याच्या तोंडाशी, त्याच्या समोर उभा राहिलो आणि काहीतरी बोललो. माझे मलाच ऐकू आले नाही.

"मोठ्यानं बोला की," तो म्हणाला. "ऐकाय येत न्हाय. त्या दिशी कसं चांगलं मोठ्यानं बोलला हुता."

आजूबाजूला टांगेवाले होते, फुलवाल्या होत्या, घाटाकडे जाणारे लोक होते. मी मोठ्याने बोललो.

"मामा, मी शाबासकीसाठी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. कळलं तर गोळी घालतील हे तुम्ही मला सांगितलं होतं, तरी बोललो, आणि वर तुमच्याकडे बोट दाखवलं. घोडा माझ्यामुळं मेला, तुमची पागा माझ्यामुळं सुटली. चूक माझी आहे. मला माफ करा."