मिस्त्रींनी नुकसान दुरुस्त केलं

मिस्त्रींसमोर बिघडलेली वस्तू ठेवून 'हात लावू नका' म्हणणं म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी ठेवून 'नुसतं बघत बस हं' म्हणण्यासारखं होतं. कुणाकडे चहाला गेले तरी त्यांचं लक्ष कपात नसायचं, डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायात असायचं. यजमान ख्यालीखुशाली विचारेपर्यंत खुर्ची उलटी झालेली असायची आणि मिस्त्री जमिनीवर. एकदा मयताला गेले असताना त्यांनी दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला गुपचूप तेल दिलं होतं. घरच्यांना वाटलं, गेलेल्या माणसाबरोबर दाराचाही आवाज गेला.

धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. लोकांनी टाकून दिलेली मशीनं उचलून आणायची, त्यांना माणसात आणायचं आणि शिवणकाम करणाऱ्या बायांना विकायची. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. काकू वरून ओरडायच्या, "अहो, जेवायला!" आणि मिस्त्री खालून म्हणायचे, "आलो, एवढा स्क्रू बसला की." तो स्क्रू बसेपर्यंत जेवण दोनदा गरम व्हायचं.

मग शहरात लढाई आली. नवराबायको शाळेच्या तळघरात जीव मुठीत धरून बसले असताना छपरावर गोळा पडला आणि काकूंचं स्वयंपाकघर खालच्या दुकानात येऊन बसलं. घर गेलं. मशीनं ढिगाऱ्याखाली गेली.

दोघं काकूंच्या भावाकडे मागच्या खोलीत राहायला आली. दादा चांगला माणूस, वहिनी त्याहून चांगली. चांगल्या माणसांच्या घरी आश्रित म्हणून राहण्याइतकं अवघड काही नाही. वाईट माणसांशी निदान भांडता तरी येतं. वहिनीचं आटोपल्यावर काकू ओट्यापाशी जायच्या. मिठाला हात घालण्याआधी "घेऊ ना गं?" विचारायच्या. "अहो विचारता काय, ताई!" वहिनी दरवेळी म्हणायची, आणि काकू दरवेळी विचारायच्या. त्यांना एवढंच हवं होतं, आपलं घर पुन्हा उभं राहावं आणि मीठ न विचारता घ्यावं.

म्हणून सरकारवर भरपाईचा दावा लावला. पहिली काही वर्षं गोळा कुणाचा यातच गेली. सरकार म्हणे, आमचा नव्हे. गोळ्यानं तरी आत येताना नाव कुठं सांगितलं होतं? शेवटी तो सरकारचाच ठरला, तेव्हा मिस्त्रींना एखादा हरवलेला नातेवाईक सापडावा तसं हायसं वाटलं.

वकीलबाई हुशार होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र तयार केलं, 'घर जमीनदोस्त, सर्व मशीनं दुरुस्तीपलीकडे निकामी.'

मिस्त्री सही करताना थांबले. "बाई, दुरुस्तीपलीकडे असं काही नसतं."

"कोर्टात असतं. सही करा. आणि हे बघा काका, कोर्टाचा माणूस पाहणीला येईपर्यंत तिथल्या एका खिळ्यालाही हात लावायचा नाही. मोडलंय तसं राहू द्या. तोच आपला पुरावा."

"नाही लावत," मिस्त्री म्हणाले. त्यांना तेव्हा ते मनापासून वाटत होतं.

चूक काकूंच्या हातून झाली. भंगारवाले ढिगाऱ्यातलं लोखंड उचलून नेतात असं कळल्यावर त्यांनी मिस्त्रींनाच पहाऱ्याला बसवलं. आता मिस्त्री आणि मोडकी मशीनं, दोघांनी दिवसभर एकमेकांकडे बघत बसायचं. वर्षभर त्यांनी कळ काढली. मग मशीनांवरचा गंज आणखी वाढू लागला. थोडं तेल दिलं म्हणून काय बिघडतं? तेल देणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. पण तेल आत पोचायचं तर विटा बाजूला करायला हव्यात. झाकण उघडायला हवं. आणि झाकण उघडलेलं मशीन तसंच सोडून जाणं मिस्त्रींच्या रक्तात नव्हतं.

"हात काळे कसे?" काकू संध्याकाळी विचारायच्या.

"पहारा देत होतो."

पुढं तारखा पडत राहिल्या आणि पहारा चालू राहिला. याचा दांडा त्याला, त्याचं चाक याला. विकायचा प्रश्नच नव्हता. शिवणाऱ्या बायका केव्हाच गाव सोडून गेल्या होत्या. मशीनं नुसतीच बरी होत होती.

अखेर कोर्टाचा अधिकारी आला. वकीलबाई आणि काकू मागोमाग. घराच्या जागी ढिगारा होता तसाच होता, पण कडेला दोन पत्रे उभारून मिस्त्रींनी आडोसा केला होता आणि त्याखाली मशीनं ओळीनं उभी होती, पुसलेली, चकचकीत, शाळेतल्या मुलांसारखी. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"निकामी मशीनं कुठली?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हीच," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी काम बघायला आलं होतं. "साहेब, तुमच्या कोटाची बाही उसवलीय. काढा, आत्ता घालतो टीप."

"काका!" वकीलबाई ओरडल्या.

पण कोट निघाला होता. मशीन खडखड न करता चाललं. अधिकारी सज्जन होता. बाही उलटसुलट करून तो म्हणाला, "सुरेख आलीय टीप." मग खाली मान घालून त्यानं तेही लिहून घेतलं. लिहिणं त्याला भाग होतं.

निकालाच्या दिवशी सरकारी वकिलाला फार बोलावंच लागलं नाही. ज्यानं मशीनांबद्दल शपथेवर खोटं सांगितलं, त्याचा घराबद्दलचा शब्द तरी कसा धरायचा? दावा फेटाळला.

"अहो, जरा गंजू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या. "वर अपील करता येतं. पण खोटी शपथ आता कायमची चिकटली." फाइल छातीशी धरून त्या भराभर निघून गेल्या. त्यांनाही रडायचं असावं आणि दुसऱ्या एका खटल्याच्या तारखेची वेळ झाली होती.

नवराबायको पायीच घराकडे निघाली.

"मोडलेलं बघवत नाही गं मला," मिस्त्री चालता चालता म्हणाले.

"आणि मी? त्या मागच्या खोलीत मी बघवत होते तुम्हाला?"

मिस्त्री रस्त्याच्या कडेला थांबले. "घर नाही येत मला दुरुस्त करता," ते म्हणाले. "येत असतं तर तेच आधी केलं असतं. विटांना तेल देऊन भागत नाही."

काकू पुढं चालू लागल्या. रागवायलाही माणसात काहीतरी शिल्लक लागतं.

घरी आल्यावर त्या मागच्या खोलीत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या भिंतीला एक खिळा मारू दिला नव्हता. कपडे खुर्चीवर, पिशव्या दाराच्या कडीला. आज ना उद्या जायचंच आहे, दुसऱ्याच्या भिंतीला भोकं कशाला? आता त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाल्या, "वहिनी, मागच्या खोलीत एक खिळा मारू का गं? कपडे अडकवायला."

वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. निकाल तिला दादाकडून कळला होता.

"एक कशाला ताई, चांगले चार मारा," ती म्हणाली. "आता तुम्ही इथलेच."

तिनं ते अगदी मायेनं म्हटलं होतं. काकू "बरं" म्हणाल्या आणि हातोडी शोधायच्या निमित्तानं घाईघाईनं अंगणात गेल्या. हातोडी खोलीतच, मिस्त्रींच्या पिशवीत होती. मिस्त्रींनी ती काढून हातात धरली आणि भिंतीकडे बघत ते काकूंची वाट पाहत उभे राहिले. काकू लवकर आत आल्या नाहीत.