शेंड्यावरचे रातांबे

ऐक ना. आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. हे मला रसिकाने सांगितलंय, आपल्या हॉस्टेलवरच्या, आणि मी अजून कुणाला बोलले नाहीये.

मे महिना, भर दुपार. रसिका गावच्या घरी ओटीवर चटई टाकून पडलीय. परसात रातांब्याचं झाड आहे, कोकमाचं गं, कुणी न लावलेलं, रानातलंच. ते आज पाडणार. गेल्या मेमध्ये तिचा भाऊ गुरू त्याच झाडावरून पडला आणि गेला. बाबांचं तेव्हापासून एकच, "ह्या झाडान माझो झील खाल्ल्यान." झील म्हणजे मुलगा गं. करवतवाला चारला येणार. तिला डोळा लागतोय, लागत नाहीये, आणि अंगणात कुणीतरी रातांबे फोडतंय.

गुरूच आहे. हात कोपरापर्यंत लाल.

"दादा, तू गेलंस ना?"

"गेलंय. पण सोलां कोण सुकवतलो? तू? तुझ्या सोलांक बुरशी येता."

तिला हसू येतं. हसता हसता बघते तर अंगण नाहीच, त्यांच्या शाळेचा वर्ग आहे, बाकांवर सोलं, रातांब्याच्या साली गं, वाळत घातलीयत. गुरू एकेक साल रसात बुडवतो, परत मांडतो. मग वर्गही नाही. दोघं झाडावर, आणि खाली घर इवलंसं.

"शेंड्यावरचे कोणाचे गो?"

"पाखरांचे." त्यांच्याकडे शेंड्याला कुणी हात लावत नाही.

"मगे मी थंय कित्याक गेलंय?"

ती शेंड्याकडे बघत नाही. कारण तिनेच म्हटलं होतं, दादा, ते वरचे बघ कसले लालभडक आहेत, तेवढे काढ ना. वर्षभर सगळे विचारतायत, पोरगा शेंड्यावर गेलाच कशाला, आणि वर्षभर ही गप्प. झाड पडलं की विचारणंही थांबेल, असं तिला वाटत होतं. बरंच वाटत होतं गं.

"माका राग नाय," गुरू म्हणतो. "पण झाडान काय केल्यान?" आणि एक रातांबा तिच्या हातात ठेवतो. "खा. तुझोच हा."

ती चावते.

जाग येते तर दात आंबलेले. जीभ लावली तरी शिरशिरी. आणि त्या घरात वर्षभर कुणी रातांबा तोंडात घातलेला नाही, आमसुलाचं सारसुद्धा बंद.

परसात मशीन घरघरतं. ती अनवाणी धावते. बुंध्याला दोर बांधलाय, शेंडा लाल. बाबा, जे आत्ता कुठे दोन घास नीट जेवायला लागलेत, ते वळून विचारतात, "काय गो बाय?"

ती तोंड उघडते. वारा दातांना लागतो.

खरं सांग, तू काय केलं असतंस?