आदेमिरला ओळखणारी तीन माणसं

आयर्लंडमधल्या आमच्या बॅलीकरनला ब्राझीलची माणसं आली ती गोमांसाच्या कारखान्यापायी. दिवसभर गारठ्यात उभं राहून सुरी चालवायला इथली पोरं तयार नव्हती, आणि ती माणसं तिकडे आनापोलिसला तेच काम करत होती. आदेमिर त्यांच्यातला. पहिल्या खेपेतला नव्हे, दुसऱ्या. वर्षभराने त्याने बायकोला, लुसिनेयाला, बोलावून घेतलं आणि तिला माझ्या बेकरीत काम लागलं. तिला मी तेव्हापासून ओळखते. आदेमिरला ओळखत होते असं मात्र म्हणता येणार नाही. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी तो बाहेर सायकल धरून उभा असायचा. आत ये म्हटलं की मान डोलवायचा, पण जागचा हलायचा नाही.

लुसिनेयाचं सगळं उलट. गावात येऊन दोन महिने झाले नाहीत तोवर कुणाच्या सासूला साखरेचा आजार आहे आणि कुणाची मुलगी नवऱ्याला सोडून बॉस्टनहून परत आली आहे, हे तिला माझ्याआधी कळायला लागलं. इंग्रजी मोडकं होतं, पण ती स्वतःच आधी बोलायला लागायची, त्यामुळे ते मोडकं आहे हे समोरच्याच्या लक्षात यायला वेळ लागायचा.

आदेमिर तिकडे घर बांधत होता. इथून पैसे जायचे, त्याचा भाऊ विटा चढवायचा. छत झालं की पुढच्या वर्षी परत जायचं, असं तो दर वर्षी म्हणायचा. छत झालं, मग फरशी राहिली. फरशी झाली, मग मागच्या अंगणाची भिंत. रविवारी तो आपल्याच माणसांबरोबर फुटबॉल खेळायचा, आपल्याच माणसांच्या प्रार्थनेला जायचा, घरी भात आणि काळा घेवडा खायचा. कारखान्यात त्याच्या दोन्ही बाजूंना आनापोलिसचीच माणसं सुरी चालवत होती. पोर्तुगीज सोडून दुसरी भाषा त्याला दिवसातून फार तर दहा मिनिटं लागत असेल.

पुढे दोघांनाही कायमच्या वास्तव्याचा शिक्का मिळाला, आणि त्या हिवाळ्यात लुसिनेयाने नागरिकत्वाचे अर्ज आणले. दोन आणले. आदेमिर म्हणाला, तुझा तू भर, मला कशाला, मी तर परत जाणार. त्यावर ती काय म्हणाली ते तिने मला दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता सांगितलं. "मी म्हटलं, जा की. अडवलंय कोणी? पण कधी जावंसं वाटलं आणि मग परत यावंसं वाटलं, तर?" यावर तो उठून पेन शोधायला लागला म्हणे. इतक्या लवकर तो कसा वळला याचं तिलाच नवल वाटत होतं.

त्यांच्या घरातलं टेबल लहान, म्हणून रविवारी दुपारी दोघं माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत बसायचे. मी शब्द समजावून सांगायला. आदेमिर प्रथमच आत आला तो असा. टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि प्रत्येक अक्षर कोरल्यासारखं काढायचा. राहिलेल्या घरांचे पत्ते, कामाची ठिकाणं, पासपोर्टावरचे शिक्के, सगळं रीतसर झालं. देशाबाहेर केव्हा आणि किती दिवस गेलात, या प्रश्नापाशी लुसिनेयाने आईला भेटायला केलेल्या दोन फेऱ्या लिहिल्या. आदेमिरने रेघ मारली. आल्यापासून तो कुठेच गेला नव्हता.

मग आलं तीन नावांचं पान. इथल्या तीन नागरिकांनी सही करून सांगायचं की आम्ही या माणसाला व्यक्तिशः ओळखतो आणि याची वागणूक चांगली आहे. नात्यातलं कोणी चालत नाही.

लुसिनेयाची अडचण एवढीच की कुणाला वगळायचं. तिने माझं नाव घातलं, शाळेच्या मास्तरीणबाईंचं घातलं आणि पोस्टातल्या ब्रेंडनचं. आपल्याला विचारलं नाही म्हणून औषधाच्या दुकानातली बाई पुढे महिनाभर तिच्याशी तुटक वागत होती. आदेमिर मात्र त्या पानापुढे नुसता बसून राहिला. चहा निवला. शेवटी लुसिनेया म्हणाली, अरे, हीच नावं तूपण घाल, सगळे देतील सही. मीही म्हटलं, माझं खुशाल घाल.

तो बायकोशी पोर्तुगीजमध्ये बोलला आणि तिने जरा ओशाळून मला सांगितलं, "म्हणतोय, नोरीन तुला ओळखते. मला नाही ओळखत."

त्याच्या तळहातावर सुरीचा जुना व्रण आहे हेसुद्धा मला त्या महिन्यातच दिसलं होतं.

पुढच्या आठवड्यात तो कारखान्यातल्या मुकादमाकडे, डेक्लनकडे, गेला. डेक्लन एका पायावर तयार झाला. कागदावरचं नाव वाचून मात्र तो अडखळला आणि म्हणाला, "हा आदेमिर कोण?" इतकी वर्षं तो त्याला एडी म्हणत होता आणि आदेमिरने कधी दुरुस्त केलं नव्हतं. त्याचं नाव खरंच एडी आहे अशी डेक्लनची समजूत होती. सही मात्र त्याने झोकात केली, वर पाठीवर थापही मारली. दुसरी सही घरमालकाची. गेरी म्हणाला, भाडं कधी थकलं नाही, नळ गळतो म्हणून तक्रार नाही, असला भाडेकरू देशाला मिळाला तर देशाचं भलंच आहे.

तिसरं नाव सापडेना. लुसिनेया चिडली. नऊ वर्षं एका गावात काढून माणसाला तीन माणसं मिळू नयेत, म्हणजे काय. तो म्हणाला, तीन असती तर मी इथला झालो असतो ना. ती म्हणाली, मग हो की, त्यासाठीच तर चाललंय हे सगळं. असं त्यांचं आठ-दहा दिवस चाललं होतं. मग एका रविवारी तो फुटबॉलला गेला नाही. धुतलेला शर्ट घातला आणि कुठे जातो ते न सांगता पायी निघाला. तो गेला होता फेस्टी लिनानकडे.

फेस्टी म्हणजे कारखान्याच्या रस्त्यावर राहणारा म्हातारा शेतकरी. लग्न केलेलं नाही, वीस-बावीस गाई, एक कुत्रा. सकाळी आदेमिर सायकलवरून कामाला जाताना फेस्टी ट्रॅक्टर घेऊन वरच्या कुरणाकडे निघालेला असायचा. आमच्याकडे गाडी चालवणारा समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख दाखवतो, तसं फेस्टी बोट उचलायचा आणि आदेमिर हँडलवरचा हात उचलायचा. पहिल्या हिवाळ्यापासून हे चाललेलं. दोघं एकमेकांशी कधीही, एक शब्दही बोललेले नव्हते.

तिथे काय झालं ते आदेमिरने रात्री बायकोला सांगितलं आणि बायकोने मला. पुढे फेस्टीनेही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

फेस्टी फाटकाशी खिळे ठोकत होता. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "आज पायी? पंक्चर झाली का?"

आदेमिरने वाटेत इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. ती त्याने एका दमात म्हणून टाकली. फेस्टीने हातोडी खाली ठेवली.

"म्हणजे मी तुला ओळखतो, असं लिहून द्यायचं?"

"हो. तुम्हाला चालत असेल तर."

"ओळखतोच की. नाव तेवढं सांग."

आदेमिरने नाव सांगितलं. फेस्टीने ते दोन-तीनदा घोळवलं आणि बरोबर म्हणून दाखवलं. मग म्हणाला, "एका फेब्रुवारीत तू आठवडाभर दिसला नाहीस. मला वाटलं, गेला हा आपल्या देशी. नाही म्हटलं तरी जरा चुकल्यासारखं वाटलं."

आदेमिर म्हणाला, "तेव्हा माझे वडील वारले."

"मग गेला होतास का?"

"नाही. राहण्याचा परवाना अडकला होता. गेलो असतो तर परत येऊ दिलं असतंच असं नव्हतं. घरीच पडून होतो."

फेस्टी म्हणाला, ये आत, पेन बघतो कुठे आहे ते.

लुसिनेया मला म्हणाली, "तो आठवडा मला आठवतो. भिंतीकडे तोंड करून निजलेला असायचा. कारखान्यात कुणी विचारलं का म्हटलं, तर म्हणाला, पाठ दुखतेय असं कळवलंय. पुढे विषय काढला तर उठून जायचा. आणि हे सगळं त्या म्हाताऱ्याला फाटकाशी उभं राहून सांगितलं." तिला वाईट वाटलं होतं की बरं वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. ती ट्रे भट्टीत सारत होती.

फेस्टीने सही केली होती, आणि कोणत्या नात्याने ओळखता, या प्रश्नापुढे एकच शब्द लिहिला होता: शेजारी. फेस्टीच्या घरापासून यांचं घर चांगलं तीन मैलांवर.

अर्ज गेले. फार दिवसांनी लुसिनेयाला मंजुरीचं पत्र आलं आणि किलार्नीला शपथेचा समारंभ झाला. मीही गेले होते. हजारभर माणसं, बँड, न्यायाधीशांचं भाषण. आदेमिर वरच्या सज्जात पाहुण्यांत बसला होता. कसं वाटलं म्हणून मी विचारलं तर म्हणाला, खुर्च्या मऊ होत्या.

त्याला पत्र आलं नाही. लुसिनेयाने फोनवर चौकशी केली तेव्हा कळलं की तीन नावांपैकी एकाला काही प्रश्न पाठवले होते आणि त्यांचं उत्तर आलेलं नाही. ते नाव फेस्टी लिनान. ती आदेमिरला म्हणाली, जाऊन विचार. तो जाईना. एकदा उपकार केले त्या माणसाने, आता त्यालाच जाऊन सांगू का की तुझं काम अर्धवट राहिलं म्हणून? सकाळी रस्त्यात पूर्वीसारखाच हात उचलला जात होता आणि त्याला तेवढं पुरत होतं.

शेवटी तीच गेली, घरी केलेल्या चीजच्या छोट्या पावांचा डबा घेऊन. फेस्टीने तिला बसायला खुर्ची दिली आणि घड्याळामागून पाकिटांचा गठ्ठा काढला. सरकारी खूण असलेलं पाकीट तो उघडतच नसे. एकतर गुरांचं असतं, नाहीतर कराचं, आणि दोन्हीला घाई नसते, असं त्याचं मत. हवं ते पाकीट गठ्ठ्याच्या मधोमध निघालं. तूच लिही आणि मी सही करतो, असं तो म्हणाला, पण बायकोने लिहिणं योग्य नव्हे हे तिने सांगितलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो चर्चला जायचा कोट घालून माझ्या बेकरीत आला.

मागच्या खोलीत बसून त्याने प्रश्न मोठ्याने वाचले आणि उत्तरं स्वतः लिहिली. किती वर्षं ओळखता. किती वेळा भेटता. शेवटी विचारलं होतं की अर्जदाराच्या वागणुकीबद्दल काही आक्षेपार्ह माहीत आहे का. त्याने पेन खाली ठेवलं.

"त्याच्या सायकलला पुढचा दिवा नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, फेस्टी, ते नका लिहू.

"त्यांनी विचारलंय ना? मग मी खोटं कसं लिहू? डिसेंबरात तो मला दिसत नाही. मी अंदाजाने बोट उचलतो."

आणि त्याने ते लिहिलं. लुसिनेया दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. पत्र मीच पोस्टात टाकलं. ते फाडून टाकावं असं वाटेत मला एकदा वाटलं होतं, पण टाकलं.

दिव्यावरून काही अडलं नाही. त्यापुढच्या समारंभाला आदेमिर खाली बसला आणि आम्ही वर. फेस्टी आला नाही, त्याची गाय व्यायला झाली होती. शपथेच्या वेळी आदेमिरचे ओठ हलत होते एवढं वरून दिसलं. बाहेर आल्यावर त्याने आम्हा दोघींना मासे आणि बटाट्याचे काप घेऊन दिले आणि गाडीत झोपून गेला.

नवा पासपोर्ट आल्यावर महिन्याभरात तो आनापोलिसला गेला, एकटाच. वडिलांच्या कबरीपाशी जाऊन आला. घर पाहिलं. लुसिनेयाला त्याने फोनवर सांगितलं की घर चांगलं झालंय, पण भावाने दारं आपल्या आवडीची बसवलीत, आणि आता भावाची मुलं तिथेच वाढतायत, तर राहू देत. पुढच्या वर्षाचं तो काही बोलला नाही आणि तिनेही काढलं नाही.

परतताना डब्लिनच्या विमानतळावर तो पहिल्या वेळेसारखाच परदेशी लोकांच्या लांब रांगेत जाऊन उभा राहिला. ती सरकायला तास लागला. पुढे चारच माणसं उरली असताना तिथल्या एका बाईला त्याच्या हातातला पासपोर्ट दिसला. ती म्हणाली, अहो, तुम्ही इथे कशाला, तुमची रांग तिकडे, तिथे कोणीच नाही. त्याने तिकडे पाहिलं. मग तिला सांगितलं की आता चारच राहिलेत, होईल इथेच. लुसिनेया बाहेर गाडी घेऊन थांबली होती. उशीर का झाला हे ऐकल्यावर ती त्याला घरी पोहोचेपर्यंत बोलत होती.