दुसऱ्याच्या हातचा लॅपटॉप

ताडकळसच्या संघप्रियाला शिसारी लवकर येते, हे तिच्या सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. पंगतीत बसली की पाण्याचा ग्लास ती आधी उजेडात धरून बघायची. सासू सरजाबाई म्हणायच्या, "हिला कलेक्टराच्या घरी द्यायला पायजे होतं." पण त्या बोलण्यात रागापेक्षा कौतुकच जास्त असायचं.

ती मूळची बोरीची. बापानं दुसऱ्याच्या रानात राबून तिला जिंतूरला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. लग्न होऊन ताडकळसला आली आणि पूर्णेला तहसीलसमोरच्या एका डीटीपीच्या दुकानात नोकरीला लागली. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, नामकरणाची बॅनरं टाइप करण्यात तिची कैक वर्षं गेली. दुकानातल्या कीबोर्डवरची अक्षरं पार पुसून गेली होती, पण तिच्या बोटांना ती पाठ होती.

पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठातला एक मुलगा आपला प्रबंध टाइप करायला घेऊन आला. काम इतकं नीट झालं की त्याच्या मागं त्याचे मित्र यायला लागले. दुकानाच्या मालकाला मात्र ती भानगड नको होती. "चार-पाच पानांची कामं कर. असले पोथे नको," असं त्यानं तोंडावर सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना संघप्रियानं मनाशी ठरवलं, की आता आपला स्वतःचा लॅपटॉप घ्यायचा आणि घरी बसून हेच काम करायचं.

तिचा नवरा सुगत कॉलेजात लिपिक होता. तो म्हणाला, "नवा आपल्याला झेपायचा न्हाई. रिफर्बिश्ड घेऊ. जुनं मशीन खोलून, साफ करून, नवे पार्ट टाकून देत्यात. आमच्या हापिसात दोघांनी घेतलाय, मस्त चालायलाय."

दुसऱ्याच्या हातचं म्हटल्यावर तिचं नाक आधीच मुरडलं. कुणी त्याच्यावर जेवलं असेल, कुणी शिंकलं असेल. पण गरज होती. एका शनिवारी दोघं मोटारसायकलवर परभणीला गेली.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याचे कोपरे पिचकाऱ्यांनी लाल झाले होते. ती साडीचा पदर अंगाशी धरून वर चढली. दुकानदाराचं नाव परमेश्वर. चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, गालात मावा. "या ताई, या," म्हणत त्यानं एक लॅपटॉप पुढं सरकवला. "रिफर्बिश म्हणजे जुना न्हाई बरं का. ह्याचा पुनर्जन्म झालाय."

संघप्रियानं तो उघडला आणि हात मागं घेतला. बटणांच्या फटीत तंबाखूचा चुरा होता, केस होते, कशाचा तरी पिवळट राप होता. वरून मारलेल्या अत्तराच्या वासाखाली जुन्या घामाचा वास दबून बसला होता. परमेश्वरनं कळकट फडक्यानं आधी आपले ओठ पुसले आणि त्याच फडक्यानं बटणं पुसली. तिनं लॅपटॉप उलटा करून बघितला, तर बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलेलं.

"ह्याची बॅटरी फुगलीय."

"तेवढं चालतंय, ताई."

"मला न्हाई चालत. दुसरा दाखवा."

दुसरा खरंच चांगला होता. स्वच्छ होता, बिजागऱ्या घट्ट होत्या. तिनं एकेक बटण दाबून बघितलं, पांढरं पान उघडून पडद्यावर डाग आहेत का ते तपासलं, चार्जर काढून बॅटरी किती टिकते त्याचा अंदाज घेतला. परमेश्वर फोनवर कुणाशी तरी बोलत होता. सुगत तिच्या शेजारी स्टुलावर बसला होता. जागा किती मोकळी आहे हे बघायला म्हणून तिनं आतले फोल्डर उघडले, तर जागा मोकळी नव्हतीच. कुणाचं तरी सगळं घर तिथं होतं. नोकरीसाठी केलेला एका बाईचा बायोडाटा होता, मुलाचे दवाखान्याचे कागद होते आणि फोटोंचा ढीग होता. पहिल्याच फोटोत बाळंतपणानंतर खाटेवर टेकून बाळाला पाजणारी बाई होती. थकलेली, अर्धी उघडी, स्वतःच्याच माणसाकडं बघून हसणारी.

संघप्रियानं फोटो झटक्यात बंद केला. तोवर परमेश्वर मागं येऊन उभा राहिला होता.

"आरं, हे पुसायचं ऱ्हायलंच की," तो हसला. "लय हाय ह्या बाईचं ह्याच्यात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की करमणूक होती."

सुगत हसला. फार नाही, नाकातून हवा सुटावी एवढंच. पण फोटो बंद झाला तरी त्याची नजर पडद्यावरच थांबली होती, हे तिनं पाहिलं. मघाचा तो राप, तो मावा, ते फडकं, सगळं तिला ह्यापुढं बरं वाटलं. ही घाण कुठल्या स्पिरिटानं निघणार नव्हती. अंगाला लागून बसलेल्या नवऱ्यापासून ती थोडी बाजूला सरकली.

"पुसा हे सगळं," ती म्हणाली.

"पुसतो की. आधी घेणार का ते सांगा. मग पुसून देतो."

म्हणजे घेतला नाही तर उद्या दुपारी ती बाई पुन्हा पडद्यावर येणार होती. लॅपटॉप चांगला होता, आपल्या आवाक्यातला होता. घेऊन टाकला असता तर प्रश्न मिटला असता. पण ह्या माणसाच्या हातात आपल्या कष्टाचे पैसे ठेवायचे, ह्या विचारानंच तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"जरा अजून तपासू द्या," ती म्हणाली. जिन्यावरून दोन गिऱ्हाइकं आली, तसा परमेश्वर तिकडं वळला. तिनं बायोडाटा उघडला. अपेक्षा असं नाव होतं, खाली फोन नंबर. आयुष्यभर लोकांचे नंबर टाइप केलेल्या बाईला एक नंबर ध्यानात ठेवणं अवघड नव्हतं. मग सेटिंगमध्ये जाऊन तिनं सगळं कायमचं पुसायचा आदेश दिला. पडदा काळा झाला, टक्के चढायला लागले.

परमेश्वर परत आला तेव्हा अर्ध्याहून जास्त काम झालं होतं. त्याचा चेहरा उतरला. "हे काय केलं? कुणाला इचारलं?"

"मधीच बंद करू नका, मशीन बिघडंल," ती शांतपणे म्हणाली. "ह्याच्या कॉपी काढल्यात का तुमी?"

त्याची नजर गल्ल्यावरच्या मोठ्या कम्प्युटरकडं गेली, आणि तेवढं तिला पुरलं.

"लॅपटॉप चांगला हाय," ती उठत म्हणाली. "पण तुमच्याकडून घ्यायचा न्हाई."

खाली रस्त्यावर आल्यावर सुगत म्हणाला, "आपल्याला काय करायचं होतं त्याचं? चांगला सौदा घालवला." रसवंतीच्या सावलीत उभं राहून तिनं तो नंबर लावला. आपण कोण, कुठं काय दिसलं, हे तिनं थोडक्यात सांगितलं.

"आमच्या मिस्टरांनी जुना दुकानात देऊन नवा आणला होता," अपेक्षा म्हणाली. "सगळं पुसून देतो म्हणले होते दुकानवाले." मग हळूच विचारलं, "तुमी बघितले का फोटो?"

"एकच दिसला. लगेच बंद केला."

"संगं कुणी होतं का?"

सुगत समोर उसाचा रस पीत उभा होता. संघप्रियाला खोटं बोलता आलं असतं.

"होतं," ती म्हणाली. "माझा नवरा होता."

सुगतनं ग्लास खाली ठेवला.

अपेक्षानं भावाला घेऊन पोलिसांत तक्रार केली. संघप्रियाही जाऊन जबाब देऊन आली. दुकानातला मोठा कम्प्युटर पोलिसांनी उचलून नेला. पंधरवडाभर शटर खाली होतं. मग तेच दुकान मेव्हण्याच्या नावानं, नव्या बोर्डासकट उघडलं. आत खुर्चीवर परमेश्वरच बसलेला असतो. केस अजून चालू आहे. दुकान पुन्हा उघडल्याचं ऐकलं तेव्हा संघप्रिया भाकरी थापत होती. तिनं हातातलं पीठ परातीत टाकलं आणि अंगणात जाऊन बराच वेळ चूळ भरत राहिली.

लॅपटॉप तिनं नंतर घेतला, रिफर्बिश्डच, परभणीतच दुसऱ्या ठिकाणी. तिथल्या माणसानं डिस्क नवी कोरी टाकून दाखवली, बिल आणि वॉरंटी दिली. तो चांगला चालतो. विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध आता तिच्या घरी येतात. त्यांचं काम झालं की तिच्याकडची फाइल ती त्यांच्यासमोरच काढून टाकते.

एकदा ती टाइप करत बसलेली असताना सुगतनं चहाचा कप शेजारी आणून ठेवला आणि उभाच राहिला.

"मी हसायला नको होतं," तो म्हणाला.

"नको होतं," ती म्हणाली.

तो अजून काहीतरी ऐकायची वाट बघत थोडा वेळ थांबला. तिनं चहा घेतला आणि पुढचं पान उघडलं.