उशी धरून दिलेली घोषणा

तीन बरगड्या मोडल्यावर डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या हातावर टेकवल्या, तर तुम्ही गप्प बसाल? मी बसलो, आणि तिथेच फसलो.

टेबलावर उभा राहून रुग्णांच्या हक्कांवर भाषण ठोकत होतो, टेबल कलंडलं आणि मी आपटलो. शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्याच्याही बरगड्याच मोडलेल्या, पण त्याला ऑपरेशन करून धातूच्या पट्ट्या बसवणार होते. मला मात्र गोळ्या आणि सल्ला, ‘खोल श्वास घ्या, खोकत राहा.’ ही सरळ बोळवण होती. मी निषेध म्हणून मौन धरलं. श्वाससुद्धा अर्धाच घ्यायचो. खरं तर दुखायचं, पण निषेध म्हटलं की जरा रुबाब राहतो.

तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत कफ घरघरू लागला. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“या दादांच्या बरगड्या दोन-दोन जागी तुटल्यात. श्वास घेताना छाती आत जाते, म्हणून ऑपरेशन. तुमच्या बरगड्या जागेवरून हलल्या नाहीत, आपोआप जुळतील. पण कफ साठून न्यूमोनिया झाला, तर मोर्चा कुणावर काढणार?”

रंगारी हसायला गेला आणि कळवळला.

सिस्टरांनी माझ्या हातात उशी दिली. “छातीशी घट्ट धरा, म्हणजे खोकताना कमी दुखेल, आणि द्या घोषणा.”

“कुणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध द्या. सवय आहे मला.”

दिली. घोषणेबरोबर खोकला उसळला, डोळ्यांत पाणी आलं, पण कफ सुटला. चार दिवसांत ताप उतरला.

तुमच्या बरगड्या मोडल्या, तर ऑपरेशन का नाही हे जरूर विचारा, भांडून विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत तेवढं खोकत राहा.